सराईत चोराला दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जास्त शिक्षा का होत नाही?

गोदाकाठ
आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचं मंगळसूत्र गेलं. नाशिकच्या इंदिरानगरात, सकाळी फिरून परत येताना. मागून दुचाकी आली, मागे बसलेल्याने हात घातला, काकू डिव्हायडरवर आपटल्या. मानेवरचा वळ अजून काळानिळा आहे. दोघं संशयित लगेच सापडले आणि पेपरात नेहमीचंच वाक्य: "संशयित सराईत असून त्यांच्यावर विविध पोलिस ठाण्यांत गुन्हे दाखल आहेत."

हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. सराईत आहे हे माहीत आहे, तर तो बाहेर कसा? माझं मत सरळ आहे. पहिल्यांदा केलं तर नेहमीची शिक्षा. दुसऱ्यांदा दुप्पट. तिसऱ्यांदा थेट जन्मठेप, मग चोरी दहा हजारांची असो की दहा लाखांची. असा कायदा आपल्याकडे का नाही? इथे वकील, पोलिस खात्यातले लोक आहेत, त्यांनी जरूर लिहावं.

सिडकोचा_राजा
+१. जन्मठेप कशाला, सरकारी खर्चाने आयुष्यभर जेवण? त्रिमूर्ती चौकात उभं करा आणि पब्लिकच्या ताब्यात द्या.

झणझणीत
राजे, त्रिमूर्ती चौकात ट्रॅफिक बघता पब्लिकला त्याच्यापर्यंत पोचायलाच तासभर लागेल. तोवर तो पवननगरात पसार.

काळा_कोट
धागाकर्त्यांची मागणी ब्रिटिशांनीच मान्य करून ठेवली आहे. जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम ७५ वाचा. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम १३ म्हणून आलं आहे. तीन वर्षं किंवा त्याहून जास्त कैद सांगितलेल्या मालमत्तेच्या गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरला, तर दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप देता येते. बनावट नाणी-नोटांच्या गुन्ह्यांनाही हेच लागू.

शिवाय नव्या संहितेत चोरीच्या कलमातच (३०३) फरक केला आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत. दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर किमान एक वर्ष सक्तमजुरी, कमाल पाच. आणि माल पाच हजारांच्या आतला असेल, माणूस पहिलटकर असेल आणि त्याने वस्तू परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा.

तेव्हा "कायदा का नाही" हा प्रश्न निकालात निघाला. कायदा आहे. तो लागताना मी माझ्या वकिलीत फार क्वचित पाहिला. कारण त्यात अट "दोषी ठरलेला" ही आहे. पेपरातल्या सराईतावर दहा गुन्हे दाखल असतात, त्यातले दहाही खटले तारखांवर चालू असतात. कोर्टाच्या लेखी तो अकराव्या वेळीही पहिलाच गुन्हेगार.

गोदाकाठ
हे मला माहीत नव्हतं. पण मग दाखल गुन्हे मोजा ना. दहा वेळा पोलिसांनी पकडलं म्हणजे काहीतरी असेलच की.

काळा_कोट
नाही हो, असं चालत नाही. दाखल गुन्ह्यांवर शिक्षा वाढवायची तर पोलिस ठाण्यातला ठाणे अंमलदारच न्यायाधीश झाला. तुमच्या शेजाऱ्याने पार्किंगवरून भांडून तुमच्यावर दोन तक्रारी ठोकल्या की तुम्हीही "दोन गुन्हे दाखल असलेले" होता.

आणखी एक. आधीची शिक्षा सरकार पक्षाला दोषारोपात लिहावी लागते, त्या निकालाची प्रमाणित प्रत आणावी लागते आणि तो माणूस हाच, हे सिद्ध करावं लागतं. तेही आताच्या खटल्यात तो दोषी ठरल्यावर. आधी नाही. नाहीतर न्यायाधीशाच्या मनात "हा जुना चोर आहे, म्हणजे यानेच केलं असणार" हे पक्कं बसेल.

बक्कल_नंबर
वकीलसाहेब बरोबर सांगताहेत, पण ते कोर्टातून बघतात. मी ठाण्यातून सांगतो. नोकरी संपली, आता बोलायला हरकत नाही.

चेन स्नॅचिंगची केस कशी पडते बघा. गाडी चोरीची, नंबरप्लेट बनावट. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. बाई मागून झटका बसून पडलेली, तिने पाहिली ती फक्त पाठ आणि जॅकेटचा रंग. ओळख परेडला तिच्यासमोर सात-आठ जण उभे केले, ती कुणाला ओळखणार? खरी बाई असेल तर ती प्रामाणिकपणे सांगते, "साहेब, नाही सांगता येत." तिथेच निम्मी केस गेली.

मग राहिला मुद्देमाल. दागिना त्याच दिवशी वितळतो. आमच्या हाती लागते लगड. लगडीवर कुणाच्या लग्नाची तारीख कोरलेली असते का? सोनाराने कबूल केलं तर ठीक, नाहीतर तो म्हणतो हे माझंच सोनं. पंच असतो शेजारचा टपरीवाला. तीन-चार वर्षांनी साक्षीला उभा राहिला की सांगतो, "मला पोलिसांनी सही करायला सांगितली, मी केली." तपासी अंमलदाराची तोवर नंदुरबारला बदली झालेली असते. आरोपी सुटला. पुढच्या वेळी पेपरात तो सराईत, वकीलसाहेबांच्या कागदावर कोरा.

झणझणीत
म्हणजे नाशकात नेमाने हेल्मेट घालणारे फक्त चेन स्नॅचरच! २०२१ ची "नो हेल्मेट, नो पेट्रोल" मोहीम यांनीच यशस्वी केली म्हणायची.

उपनगर_नाका
ती मोहीम आठवते. पंपावर एकच हेल्मेट दहा जणांच्या डोक्यावर फिरायचं. मी स्वतः अनोळखी माणसाचं घालून शंभराचं पेट्रोल भरलंय.

झणझणीत
हा घ्या, धाग्यावरच कबुलीजबाब. बक्कल नंबर काका, नोंद घ्या.

मोगरा
बक्कल काका, तुम्ही लिहिलेली "प्रामाणिक बाई" मी आहे समजा. माझी पोत गेली होती गंगापूर रोडला, काही वर्षं झाली. माझं नशीब की वितळायच्या आधी सापडली. पण ती मिळाली सुपूर्दनाम्यावर. म्हणजे माझीच पोत, पण मोडायची नाही, विकायची नाही, कोर्ट म्हणेल तेव्हा आणून दाखवायची. प्लास्टिकच्या पिशवीत, गुन्हा नंबर लिहिलेल्या चिठ्ठीसकट आजही लॉकरमध्ये पडून आहे. सोडवून घातली तर एखादा मणी पडेल आणि कोर्टात वर्णन जुळायचं नाही, या भीतीने मी ती घातलेलीच नाही.

साक्षीसाठी समन्स आलं तेव्हा मी ऑफिसातून सुट्टी टाकून गेले. आरोपीचे वकील आले नाहीत. पुढची तारीख. परत गेले, तर आरोपीच आणला नव्हता. बाहेर बाकड्यावर माझ्या शेजारी बसलेली बाई रडत होती, नंतर कळलं ती त्याचीच आई. त्यानंतरच्या तारखेला मी गेले नाही. जास्त शिक्षा हवी का, असं मला विचाराल तर मला आधी कुठलीतरी शिक्षा झालेली बघायची आहे.

सिडकोचा_राजा
म्हणून तर म्हणतो, तारखा नकोत. परवाच पोलिसांनी पकडलेल्या गुंडांचे रील्स पाहिले ना? भाई हात जोडून म्हणतोय, "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला." दोन दिवसांत सगळे सरळ. कोर्टाला जे वर्षानुवर्षं जमत नाही ते दंडुक्याने एका दुपारी जमलं.

बक्कल_नंबर
राजे, टाळ्या मिळतात हे खरं. रस्त्यावर थोडा धाक बसतो हेही खरं. पण तो व्हिडिओ उद्या त्याच्या वकिलाने कोर्टात लावला की माझ्याच खात्याची केस ढिली. आणि भाई लोकांचं मला विचारा. वर्षभराने तोच व्हिडिओ ते स्टेटसला ठेवतात, प्रसिद्धी म्हणून.

उपनगर_नाका
ते सगळं ठीक. पण तडीपारी आहे, एमपीडीए आहे, मोक्का आहे. हे सराईतांसाठीच ना? मग ते वापरा. आणि यांना जामीन मिळतोच कसा?

काळा_कोट
यातली मोक्का सोडून एकही शब्दशः शिक्षा नाही, हे लक्षात घ्या. बाकी सगळी प्रतिबंधक कारवाई आहे.

तडीपारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली. कलम ५५ ते ५७, जास्तीत जास्त दोन वर्षं. हद्दीत परत आला तर तो वेगळा गुन्हा. एमपीडीए १९८१ चा, त्यात खटल्याविना एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येतं. पण कागदात ढिलाई असली की उच्च न्यायालय आदेश रद्द करतं. मोक्का १९९९ चा. तिथे मात्र मागच्या दहा वर्षांत टोळीवर एकाहून जास्त दोषारोपपत्रं असणं आणि कोर्टाने त्यांची दखल घेतलेली असणं पुरतं. दोषी ठरलेलं असण्याची गरज नाही. धागाकर्ते म्हणतात ते "दाखल गुन्हे मोजा" त्याच्या सगळ्यात जवळचं हेच. पण तो संघटित टोळीसाठी आहे, दुचाकीवरच्या दोन पोरांना सरसकट लावला तर टिकत नाही.

जामिनाचं: नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम ४७९ मध्ये आधी कधीच दोषी न ठरलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला तर त्याला सोडायचं आहे, इतरांना निम्म्यानंतर. आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तर या कलमाचा फायदा नाही. म्हणजे तिथेही सराईताला वेगळं काढलंच आहे.

ओझर_टाऊनशिप
तडीपारीबद्दल स्थानिक तक्रार नोंदवतो. शहरातून तडीपार केलेले कुठे जातात याचा विचार कुणी केलाय का? आमच्याकडे येतात. नाशिक सुरक्षित, ओझर पावन.

झणझणीत
ओझरला विमानतळ आहे, पुढे पाठवा.

ओझर_टाऊनशिप
विमानं सुटतात वेळेवर, तडीपार नाही.

बरं, मूळ विषय. "तिसऱ्यांदा जन्मठेप" हा प्रयोग जगात झालेला आहे. कॅलिफोर्नियात १९९४ मध्ये असाच कायदा आला: आधीचे दोन गंभीर गुन्हे असतील तर तिसऱ्या गुन्ह्याला किमान पंचवीस वर्षं ते जन्मठेप. तिसरा गुन्हा किरकोळ असला तरी. एका माणसाने गोल्फच्या तीन काठ्या पँटमध्ये लपवून दुकानातून नेल्या. प्रत्येकी ३९९ डॉलरच्या. त्याला पंचवीस वर्षं ते जन्मठेप झाली आणि २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती कायम ठेवली. तुरुंग भरले, खर्च वाढला, म्हातारे कैदी सांभाळायची वेळ आली. शेवटी २०१२ मध्ये तिथल्या मतदारांनीच तो सौम्य केला. आता तिसरा गुन्हा सहसा गंभीर किंवा हिंसक असावा लागतो.

चेन ओढणारा पोरगा साधारण विशी-पंचविशीतला असतो. पन्नाशीत कोणी पल्सरवरून चेन ओढत नाही. त्याला साठीपर्यंत आत ठेवून आपण कुणापासून वाचणार?

गोदाकाठ
त्या गोल्फवाल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, स्पष्ट सांगतो. आधीचे गंभीर गुन्हे केले ते कुणी सांगितलं होतं? त्याला नियम माहीत होता. काकूंना मात्र कुणी आधी सांगितलं नव्हतं की आज तुमची मान आवळली जाणार आहे.

मोगरा
गोदाकाठ, हे वाक्य मला पटतं आणि ओझर यांचा हिशोबही पटतो. काय करावं कळेना.

निफाडकर
शहरवाल्यांचं सोन्यावरच अडलंय. आमचा सराईत बघा. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत येतो, पांढरी इनोव्हा, गळ्यात साखळी (ओढलेली नाही, विकत घेतलेली). द्राक्षाच्या बागेत फिरतो, मणी तोंडात टाकतो, "दादा, माल एक नंबर" म्हणतो. पहिल्या गाडीचे पैसे रोख. दुसरीचे चेकने. तिसरी-चौथी गाडी उधार. मग फोन बंद. पुढच्या हंगामात तोच माणूस दिंडोरीत दुसऱ्या फर्मच्या नावाने उभा. मेहुण्याचं नाव, बायकोचं नाव.

ठाण्यात गेलं की आधी ऐकवतात, हा दिवाणी मामला आहे. कोयता घेऊन फिरणारा सराईत, आणि शंभर कुटुंबांचं वर्षाचं पीक घेऊन पळणारा व्यापारी? तो पुढच्या वर्षी कुणाच्या तरी लग्नात पहिल्या रांगेत. वाढीव शिक्षा द्यायची तर याला आधी द्या.

काळा_कोट
निफाडकर, कलम १३ तुमच्या व्यापाऱ्यालाही लागतं. फसवणूक (३१८) संहितेच्या मालमत्तेच्या गुन्ह्यांच्याच प्रकरणात येते, आणि पैसे-माल घेऊन फसवलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सुरुवातीपासूनच बुडवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. तिथे आधीच्या हंगामातला उद्योग पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

पांथस्थ
मी कामाच्या निमित्ताने नाशिकरोड कारागृहात जात असे. १९२७ पासूनचं कारागृह. तिथल्या कैद्यांनी घडवलेले गणपती अनेकांच्या घरी बसतात, मुक्त विद्यापीठाचा अभ्यास करणारेही आत आहेत. हात चालणारा माणूस बाहेर आला की पहिल्या महिन्यात काय होतं ते सांगते. सातपूर-अंबडला कंपनीत जातो, चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. खोली भाड्याने मिळत नाही. परिसरात काही झालं की पहिली उचल याची. शेवटी जुनेच मित्र दार उघडतात. याची जबाबदारी त्याच्यावर नाही असं माझं म्हणणं नाही. पण दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षा दुप्पट करताना पहिल्या शिक्षेनंतर आपण काय केलं, हे कुणी बघत नाही.

आणि "सराईत" हा शिक्का कुणावर आधी बसतो? १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. १९५२ मध्ये तो कायदा गेला आणि आपल्या राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांसाठीचा कायदा आला. आजही पारध्याच्या पालावर चोरीच्या तपासाला पहिली गाडी जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातला जातीवरून होणारा भेदभाव रद्द केला, तेव्हा विमुक्त (त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या) जमातींना सरसकट सराईत मानण्यावरही कडक शब्दांत बोट ठेवलं.

सिडकोचा_राजा
आली सहानुभूती. काकूंच्या मानेबद्दल दोन ओळी लिहा ना ताई.

पांथस्थ
लिहिते. काकूंचा एमआरआय, फिजिओ आणि सोनं हे सगळं मिळून नुकसान किती झालं, त्यातलं आरोपीकडून किती मिळालं? दंड सरकारजमा होतो. भरपाई द्यायचा अधिकार कोर्टाला आहे, तो वापरला तर काकूंना दहा वर्षांच्या कैदेपेक्षा जास्त उपयोग होईल.

उपनगर_नाका
बलात्काराच्या बाबतीत तरी वाढीव शिक्षा हवीच, यावर कुणाचं दुमत नसावं.

काळा_कोट
ती तरतूद २०१३ मध्ये आली, भादंवि ३७६ ई. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशी. आता न्याय संहितेत कलम ७१. मुंबईच्या शक्ती मिलच्या खटल्यांत ती वापरली गेली, २०१४ मध्ये तिघांना फाशी झाली. पण तिथल्या दोन वेगवेगळ्या बलात्कारांचे निकाल एकाच वेळी लागले होते. बचाव पक्षाचं म्हणणं असं, की पहिली शिक्षा भोगून, सुधारायची संधी मिळूनही पुन्हा केलं तरच "पुन्हा" म्हणता येईल. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कलम वैध ठरवलं, पण नोव्हेंबर २०२१ मध्ये फाशीची जन्मठेप केली.

आणि आपोआप शिक्षेला आपल्याकडे एक धडा आहे. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, असं जुन्या भादंविचं कलम ३०३ होतं. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं, कारण न्यायाधीशाला माणूस आणि प्रसंग बघायची मुभाच उरत नव्हती. धागाकर्त्यांची "तिसऱ्यांदा थेट जन्मठेप" याच दगडाला अडखळेल.

बक्कल_नंबर
एक राहिलं. चोर नाव बदलतात. एकाच माणसाची सिन्नरला एक, मालेगावला दुसरं, शिर्डीला तिसरं नाव मी पाहिलंय. हाच तो, हे सांगणारा एकच साक्षीदार कधी फितूर होत नाही: बोटाचा ठसा. जगातलं पहिलं ठसे कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात निघालं. आता ठसे-फोटो राज्यभर संगणकावर जुळवायची सोय आहे. आमच्या वेळी शाईचा रूळ आणि भिंग. सिंहस्थ २०२७ तोंडावर आहे, रामकुंडावर देशभरचे पाकीटमार येणार. तेव्हा ही यंत्रणा नीट वापरली तर जुन्या शिक्षा शोधायला सबब उरणार नाही.

गोदाकाठ
सगळं वाचलं. तिसऱ्या वेळी आपोआप जन्मठेप हे कोर्टात टिकणार नाही, मान्य. पण जास्त शिक्षा हवी यावरून मी हललेलो नाही. कलम १३ आहे तर ते वापरा, एवढीच माझी मागणी आता उरते. यासाठी काकू काय करू शकतात?

काळा_कोट
तीन गोष्टी करा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर त्या दोघांची नावं टाकून निकाली खटले शोधा, एखाद्यात शिक्षा झाली असेल तर तो नंबर तपासी अंमलदाराला लेखी द्या. शक्यतो दोषारोपपत्र जायच्या आधीच. दुसरं, फिर्यादीला स्वतःचा वकील देता येतो, तो सरकारी वकिलांना मदत करू शकतो, कलम १३ ची आठवण करून देऊ शकतो. हे महत्त्वाचं, कारण प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंतच कैद देऊ शकतात. जास्त हवी तर प्रकरण वर जावं लागतं, ते कुणीतरी मागावं लागतं. तिसरं, काकूंना तारखेला एकटं पाठवू नका.

मोगरा
तिसऱ्यासाठी मी येते. त्या बाकड्यांची मला ओळख आहे.

सिडकोचा_राजा
मीही येतो. हात बांधून बसेन, शपथ.

झणझणीत
कोर्ट सुटलं की मिसळ माझ्याकडून. राजेंना रस्सा कमी, आधीच तापलेले आहेत.

निफाडकर
वकीलसाहेब, मी पण ई-कोर्ट्सवर माझ्या व्यापाऱ्याचं नाव टाकून पाहिलं. काहीच येत नाही.

काळा_कोट
कुठल्या नावाने टाकलंत?

निफाडकर
यंदाच्या.

काळा_कोट
गेल्या तीन हंगामांची नावं टाका. मेहुण्याचंही. आणि तुमच्यासोबत बुडालेल्या बाकीच्या शेतकऱ्यांच्या पावत्या, चेक परतीचे मेमो गोळा करून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.